राखणदाराच्या वहाणा आणि कंपनीचा कागद

ये गो, अशी पुढे ये. दारातूनच 'काय काकी, बऱ्या ना' विचारून पळतेस आणि वाडीत जाऊन सांगतेस की काकी म्हातारपणी भुताचे खेळ खेळायला लागली. आधी बस. तो मोबाइल पालथा ठेव. सांगायचंच असेल तर नीट ऐकून सांग.

माझी भाची तुला ठाऊक आहे. धाकट्या बहिणीची मुलगी, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्यात पानं जुळवते. आठवडाभर लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी, आणि शनिवारी संध्याकाळी पालीला यष्टीतून उतरून आमच्याकडे. मागून तिची खेळातली दोन माणसं मोटरसायकलवरून येतात. मग पडवीतल्या टेबलावर खेळ मांडतात. मांडतात म्हणजे काय, मांडायला काहीच नसतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी लढवय्या. 'मी दगडी गडग्यावरून उडी मारते' म्हणायचं आणि फासा टाकायचा. दान चांगलं पडलं तर उडी, नाहीतर पाय मोडला. शेवटी कोण जिंकलं म्हणावं तर तेही नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, की मग हे लोक उठतात कधी.

या खेळाचे नियम परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे. त्या कंपनीने फार पूर्वी एक कागद काढला होता, की आमचे नियम घ्या, त्यावर तुमच्या गोष्टी रचा, छापा, विका, ही परवानगी कायमची. त्या कागदाच्या भरवशावर जगभर लहान लहान प्रकाशक उभे राहिले. मला हे समजायला कुकर लागला. कुकर एका कंपनीचा असतो, पण आतली रबरी रिंग आपण पालीच्या बाजारातून दुसऱ्याच कुणाची तरी आणतो. कुकरवाला तक्रार करत नाही, कारण रिंग कुठेही मिळते म्हणून तर लोक त्याचा कुकर वापरतात. भाचीला अशी एक रिंग करायची होती. मराठीत, आपल्याकडच्या गोष्टीची. तिचं पहिलं पुस्तक. नोकरी सांभाळून तीन वर्षं ती त्याच्यामागे होती.

गोष्ट माझ्या वहीतली. मी सातवीपर्यंत शिकले, पण सासूबाई सांगायच्या ते सगळं मी लिहून ठेवलंय. पऱ्याजवळच्या, त्या ओढ्याकाठच्या राखणदाराची गोष्ट त्यातलीच. तो देव गाव राखत शिवेवरून फिरतो, म्हणून दरवर्षी त्याला नव्या वहाणा ठेवतात, आणि पुढच्या वर्षी पाहावं तर त्या झिजलेल्या. एका वर्षी एक वहाण नाहीशी होते, आणि गाय शोधायला गेलेल्या मुलीला ती सापडते. एवढीच गोष्ट. भाचीने मागितली तेव्हा मी वही दिली, पण अशी नुसती नाही दिली. अटी घातल्या. शेवट बदलायचा नाही. मुलीला कुणाच्या प्रेमात पाडायचं नाही. प्रत्येक पान मला दाखवायचं. आणि मला पटलं नाही तर वही मी परत घेणार, मग पुस्तक कुठवर आलंय ते मला सांगायचं नाही. तिने सगळ्याला मान हलवली. मावशीपुढे दुसरं काय करणार.

मग गावाचे मानकरी. राखणदाराची गोष्ट बाहेर न्यायची तर त्याच्या कानावर घालायला हवी, आणि ते घालणार मानकरी काका. भाची मला बरोबर घेऊन त्यांना कच्ची पानं दाखवायला गेली. तिथे राखणदाराच्या नावापुढे लिहिलं होतं, जीवगुण बावन्न. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, बावन्न म्हणजे काय. ती म्हणाली, काका, खेळात प्रत्येकाला असतात, मार लागला की कमी होतात.

"म्हणजे बावन्न संपले की तो मरतो?"

बाजूला दोन म्हातारे बसले होते ते तिच्याकडे असे बघायला लागले, जणू ही काठी घेऊन पऱ्यावरच निघाली होती. शेवटी तडजोड झाली. राखणदाराला जीवगुण नाहीत. फासा टाकायचा तो फक्त तो किती रागावलाय ते ठरवायला.

मग काकांनी तिला विचारलं, की ज्यांचे नियम घेतलेस त्यांची परवानगी आहे का. ती म्हणाली, आहे, कायमची आहे. काका म्हणाले, "कुणाची कायमची? त्यांची की तुझी?" तेव्हा आम्ही हसलो.

रविवारी पऱ्यावर गाऱ्हाणं झालं. सगळे उभे राहिले, काकांनी नारळ हातात धरला आणि मोठ्याने सांगितलं, की महाराजा, ही आमची लेक तुझी गोष्ट चार माणसांत नेते आहे, जो खेळायला मागेल त्याला मिळू दे, कुणा एकट्याने तिच्यावर हक्क सांगू नये. आम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणालो. झाला करार. मोजून पाच मिनिटं लागली, आणि तिथल्या प्रत्येकाला काय ठरलं ते घरी जाऊन सांगता आलं असतं.

पुस्तक पुरं होत आलं आणि कंपनीचा नवा कागद आला.

हे तहसिलीत कारकून होते. जन्मभर असलेच कागद वाचले, म्हणून भाचीने तो मराठीत उतरवून ह्यांच्या हातात दिला. दोन दिवस हे पडवीत बसून वाचत होते, आणि मध्येमध्ये 'वा' म्हणत होते. मी विचारलं, चांगला आहे का. म्हणाले, आपल्यासाठी नाही, पण कागद म्हणून चोख आहे. जुनी परवानगी आता चालणार नाही. नवी हवी असेल तर सही करा. तुम्ही जे लिहाल ते तुमचंच, अगदी तुमचंच, फक्त आम्हीही ते हवं तसं वापरू, कायमचं, तुम्हाला न विचारता. या अटी आम्ही महिन्याची सूचना देऊन बदलू. आणि हे सगळं तुमच्यासारख्या लहान प्रकाशकांच्या भल्यासाठी करत आहोत.

म्हणजे कुकरवाला म्हणतो, रिंग तुम्ही करा, पण ती आमचीसुद्धा. आणि उद्या झाकण कुठल्या बाजूने उघडायचं ते उद्या सांगू.

मी म्हटलं, अहो पण 'कायमची' लिहिलं होतं ना. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कायमची लिहिलंय. मागे घेणार नाही, असं कुठे लिहिलंय?" आणि परत एकदा 'वा' म्हणाले. बदलीच्या गावात जुना मित्र भेटावा तसा चेहरा झाला होता त्यांचा.

भाचीने मात्र त्या शनिवारी चहालाही हात लावला नाही. सही केली तर पुस्तक निघतं, पण राखणदार कंपनीच्या हातात जातो. उद्या त्यांनी त्याला परत बावन्न जीवगुण दिले तर कोण अडवणार? आणि पऱ्यावर आपण काय बोललो होतो? सही नाही केली तर तीन वर्षांचं काम कपाटात. तिसरी वाट एकच, त्यांचे नियम काढून टाकायचे आणि आपले नवे रचायचे. ते एकटीने होण्यासारखं नव्हतं. मोटरसायकलवाले दोघे मदतीला तयार होते. मी म्हटलं, मग अडलं कुठे?

ती म्हणाली, की त्या दोघांनी एक गोष्ट विचारली आहे. आम्ही वर्षभर राबणार, तर तुझ्या मावशीची परवानगी कायमची आहे का, की त्यांना वाटेल तेव्हा त्या वही परत घेणार?

मला राग आला. मी म्हटलं, माझी आणि त्या कंपनीची बरोबरी करतेस?

"नाही मावशी. कंपनी निदान महिन्याची सूचना तरी देते."

मी उठले आणि बांगडे साफ करायला मागच्या दारी गेले. चार बांगड्यांना किती वेळ लागतो? मी अंधार पडेस्तोवर तिथेच. मनात सगळं उगाळून झालं. वही माझी, अक्षर माझं, सासूबाई माझ्या. मग आठवलं, सासूबाईंनी तरी गोष्ट सांगताना मला कुठे अटी घातल्या होत्या? त्यांच्या गोष्टीत मुलगी गाय शोधायला गेलीच नव्हती. बकरी होती. गाय मी केली. शोभते म्हणून.

कुणाला सांगू नकोस हे. म्हणजे आता पुस्तकात लिहिलंच आहे म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले आणि म्हटलं, नारळ आणा, पऱ्यावर चला. काका म्हणाले, आता काय राहिलं? मी म्हटलं, माझं राहिलंय. भाची आणि हे मागून आले. गाऱ्हाणं बायकांनी घालायची आमच्याकडे रीत नाही, पण काकांनी नारळ माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघायला लागले, म्हणजे त्यांना दिसलं नाही.

मी म्हटलं, "महाराजा, वही माझी असली तरी गोष्ट माझी नाही. ही मुलगी ती घेईल, मोडेल, जोडेल. तिच्याकडून आणखी कुणी घेईल. मला पटलं नाही तरी मी परत मागणार नाही."

सगळ्यात आधी 'व्हय म्हाराजा' म्हणाले ते हे. भाचीने मान हलवली. परतताना ह्यांनी मला हळूच सांगितलं, की 'परत मागणार नाही' हे छान घातलंस, तिथेच कंपनीचा कागद कच्चा होता.

पुढचं वर्ष आमच्या पडवीत गेलं. वीस बाजूंचा फासा गेला, चिंचोके आले. फोडलेले पाच चिंचोके टाकायचे आणि पांढऱ्या बाजू किती पडल्या ते बघायचं. लढवय्याला कामच उरलं नाही, कारण राखणदाराशी लढून काही मिळत नाही. गोष्टीचा शेवट खेळणाऱ्यांवर सोडला. मी तोंड आवळून बसले होते. आणि पहिल्या पानावर परवानगी. तीन ओळी, माझ्याच, पऱ्यावर बोलले त्या.

पानं छपाईला गेली त्या आठवड्यात कंपनीचा आणखी एक कागद आला. जगभरच्या लोकांनी आरडाओरडा केला होता म्हणे. आम्ही तुमचं ऐकलं, जुनी परवानगी पुन्हा सुरू, आणि या खेपेला खरोखरच कायमची. भाची वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला. हे म्हणाले, उत्तर पाठव, सभ्य भाषेत, पत्र मिळालं एवढंच. काकांना सांगितलं तर त्यांनी सुपारी कातरता कातरता परत विचारलं, कुणाची कायमची?

आता ऐक, तुला बोलावलं कशासाठी ते. अलोऱ्याच्या वसाहतीतल्या एका शिक्षकांनी आमच्या पुस्तकावर पुढची गोष्ट रचली आहे. तिच्यात राखणदार वहाणा टाकून गमबूट घालतो. विचारायची गरज नव्हती तरी त्यांनी फोन केला, कसं वाटतंय म्हणून. गमबूट. मी डोळे मिटले, सासूबाई आठवल्या, आणि म्हटलं, छान आहे, छापा.

ती गोष्ट अजून आम्ही खेळलेलो नाही, कारण पाच माणसं लागतात आणि आम्ही चारच. हे बसतात, पण कुठल्याही गोष्टीत कारकूनच होतात, म्हणून त्यांना धरत नाही. तेव्हा येत्या शनिवारी ये. दारातून नको, आत ये. जेवायलाच ये, आमसुलाचं सार करीन. चिंचोके आहेत. आणि त्या गमबुटांकडे मला एकटीने बघवत नाही गो, कुणीतरी शेजारी बसायला हवं.