बिनचेहऱ्याचा कोहळा

बुधवार पेठेत माझं दिव्यांच्या माळांचं दुकान आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गिऱ्हाइकांवरही फारसा नाही. तरी बावीस वर्षं दर अमावास्येला मालनबाई माझ्या दाराला कोहळा टांगायच्या आणि मी टांगू द्यायचो.

खडकवासल्याच्या बाजूच्या गावातून त्या पहिल्या बसने यायच्या. नवरा लवकर गेला. कोहळे आणि लिंबू-मिरच्या विकून त्यांनी मुलगा वाढवला. आमच्या ओळीतली तीसेक दारं त्यांच्याकडे होती. जुना कोहळा उतरवताना चकार शब्द बोलायच्या नाहीत. आतून सडलेला निघाला की मात्र खूश व्हायच्या. "घेतलं की ह्यानं तुमच्यावरचं," म्हणायच्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू. चहात साखर कमी पडली तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार!

दोन हजार चोवीस साली हॅलोवीन ऐन दिवाळीत आला. मालनबाई अमावास्येचा कोहळा दोन दिवस आधीच ठेवून गेल्या होत्या. माझी मुलगी निकिता आयटीत. "बाबा, ऑफिसात भोपळे कोरायची कॉम्पिटिशन आहे, हा नेऊ?" म्हणाली. ने म्हटलं. तिनं त्यावर स्वतःचाच चेहरा कोरला, चष्म्यासकट. पहिलं बक्षीस मिळालं. कोहळा दुकानात परत आणून ठेवला आणि त्याच रात्री तिला ताप भरला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती दवाखान्यात होती, अंगात एकशे चार. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. मी पूजेपुरतं दुकान उघडलं, तर मालनबाई दारात.

"ह्ये कुनी केलं?"

"निकितानं. परदेशात असं तोंड कोरतात, भुतं घाबरावीत म्हणून."

"तिकडची भीत असतील. आपली ओळख काढत येत्यात." त्या खाली बसल्या. "कोहळा मानसाच्या बदल्यात देत्यात, मालक. त्याला त्वांड नसतं, म्हणून येनाऱ्याला मानूस गावत न्हाई. तुम्ही तर लेकीचा फोटोच ठेवला! पोरगी कुठं हाय?"

"दवाखान्यात," म्हणालो. कोहळ्याच्या कोरलेल्या तोंडातून काळं पाणी ठिबकत होतं. दोन दिवसांत कोहळा असा सडत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

मालनबाईंनी दोरा कापायची सुरी काढली. आधी चष्मा खरवडून टाकला. मग पुढचे दोन दात उडवले आणि हनुवटीवर तीन ठिपके टोचले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवे गोंदणठिपके होते आणि पुढचे दोन दात नव्हते. हात धरता आला असता. मी धरला नाही. कोहळा टांगून, चहा न घेता त्या गेल्या.

संध्याकाळी निकिताचा ताप उतरला. बायकोला आनंदानं रडू कोसळलं, मला काही रडू येईना.

पुढच्या अमावास्येला पाटी घेऊन त्यांची सून राधा आली. "आत्याबाई गेल्या," म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला दुपारी घरी आल्या त्या तापानं फनफनतच. जाताना म्हनाल्या, मालकांना इचार, पोरगी बरी हाय का."

"बरी आहे," मी म्हणालो. त्या सकाळी सुरी चालत असताना माझ्या मनात 'बाई, लवकर करा' एवढंच आलं होतं, ते मात्र तिला सांगता आलं नाही.