दादांच्या नावाचा डबा

सहा वर्षे मी माझ्या थोरल्या भावाच्या नावाने आलेला खाऊ लपवून खाल्ला. वाक्य लहान आहे. ते मोठ्याने उच्चारण्यासाठी मात्र मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

आमच्या मुलीने लग्न ठरवले ते कॅम्पातल्या एका चिनी कुटुंबात. जावयाचे आजोबा दातांचे डॉक्टर म्हणून पुण्यात आले आणि इथलेच झाले; जावई आमच्या मुलीपेक्षा स्वच्छ मराठी बोलतो. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, कोलकात्याहून सून होऊन आल्या. त्यांचे ब्यूटी पार्लर आहे, आणि तीस वर्षे पेठांतल्या नवऱ्या सजवता सजवता त्यांचेही मराठी पक्के झाले आहे.

लग्नाला पंधरा दिवस असताना त्या सोळा लाल डबे घेऊन आमच्याकडे आल्या. डब्यांत तळहाताएवढे, भट्टीत भाजलेले गोल पदार्थ होते आणि प्रत्येकावर तांबडा शिक्का. त्या पदार्थाचे खरे नाव मला अजूनही नीट उच्चारता येत नाही. मुलीने त्याला ‘गोल करंजी’ म्हटले आणि आमच्या घरात तेच रुळले.

“आमच्यात पत्रिका नंतर, डबा आधी,” विहीणबाई म्हणाल्या. “मुलाकडून मुलीकडे येतो, आणि तुम्ही तो तुमच्या मोठ्या माणसांना द्यायचा. ज्याच्या घरी डबा पोचला त्याला लग्न कळलं. शिक्का दिसतोय ना? आनंद हे अक्षर आहे, दोनदा लिहिलेलं. आणि यातले दोन डबे मला परत करायचे हं, व्याही. सगळे ठेवून घेतले तर हावरट म्हणतील तुम्हाला.”

मुलीने एका डब्याकडे हात नेला तशी त्यांनी तिच्या हातावर हलकी चापट मारली. “तू नाही. नवरीनं स्वतःच्या लग्नाचा हा खाऊ खायचा नसतो. आपल्या वाट्याचं सुख आपणच संपवायचं का?”

निघताना दारात थांबून त्या हळूच म्हणाल्या, “चरबी नाही हो, तूप घातलंय. अंडंही नाही. आत मुगाचं सारण. तुमच्या मोठ्या भावांचं खाण्यापिण्याचं कडक आहे ना सगळं, म्हणून पहिल्यांदाच असं केलं. दोनदा बिघडलं.”

ज्याच्यासाठी त्यांनी हे केले, तो माझा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. माझी शाळेची फी, माझी मुंज, माझे लग्न, सारे दादांनी केले. लग्न ठरल्याचे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “चिनी मालाची गॅरंटी नसते म्हणतात. पारखून घेतलास ना?” आणि मग मुलीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. तो विनोद होता हे मला त्याच क्षणी कळले होते. तरीही डबे वाटायची वेळ आली तेव्हा मला तो हात आठवला नाही, विनोद आठवला. एका मावशीचा फोन आठवला: “त्यांच्यात काय काय घालतात म्हणे!” सोळा डबे तीन दिवस कपाटाच्या वर राहिले. चौथ्या दिवशी मी पेढ्यांचे पुडे आणले आणि पत्रिकेबरोबर सर्वांकडे तेच दिले.

दोन डबे विहीणबाईंना परत केले. त्या रीतीत मी काही उणे ठेवले नाही. उरलेले चौदा गाडीच्या डिकीत ठेवून एका सकाळी फुले-नारळ आणायला मार्केट यार्डात गेलो. चहा पीत बसलेल्या हमालांपुढे मी ते उघडले. एका म्हाताऱ्या हमालाने एक तुकडा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला.

“चिरोट्यावानी लागतंय. कशाचं हाय, सायेब?”

“मुलीचं लग्न आहे.”

त्याने हातातला डबा कपाळाला लावला. “सुखात ऱ्हावू द्या पोर.”

त्या डब्याचा खरा मान तेवढ्या एका माणसाने राखला.

घरी आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, कशी लागते हो? मला तर खाताच येत नाही.” मी म्हणालो, “चिरोट्यासारखी.” मी स्वतः चाखलीही नव्हती. आणि विहीणबाईंनी फोनवर चौकशी केली तेव्हा, न विचारता, मी वर एक गोष्ट रचली: “दादांनी तर दोन खाल्ल्या. तिसरीला वहिनींनी डबा काढून घेतला.”

त्या इतक्या हसल्या की मला स्वतःलाच क्षणभर ते खरे वाटले. लग्नाच्या मांडवात सनईच्या आवाजात त्यांनी दादांना विचारले, “आवडलं ना?” दादांना वाटले, जेवणाविषयी विचारतात. “उत्तम! उत्तम!” ते म्हणाले. माझे खोटे तिथे पक्के झाले.

पहिल्या दिवाळीला जावई एक लाल डबा घेऊन आला. “आईनं दादाकाकांसाठी केलाय खास.” मी म्हणालो, “ठेव, मी पोचवतो.” फेकून देण्याचे धैर्य झाले नाही, देण्याचे तर नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेलो तेव्हा पिशवीतून तो घेऊन गेलो आणि बाकावर बसून पहिली गोल करंजी मोडली. हमाल खरे बोलला होता. चिरोट्याला साटा लावून पदर सोडवावेत तसे तिचे पदर सुटत होते. आत मऊ, बेताचे गोड मूग. पाच-सहा सकाळींत डबा संपला. पुढच्या वर्षी दुसरा आला. मी त्याची वाट पाहू लागलो, हे मला आज सांगितलेच पाहिजे. दादांचे गुडघे दुखतात, ते फारसे बाहेर पडत नाहीत. विहीणबाईंचे पार्लर सणासुदीला ओसंडून वाहते. त्यांची गाठ पडत नव्हती, आणि पडू नये याची काळजी मी घेत होतो.

यंदा दादांच्या सत्तरीला त्यांच्याच घरी जेवण होते. विहीणबाई स्वतः डबा घेऊन आल्या.

“दर वर्षी व्याह्यांच्या हाती पाठवते. यंदा म्हटलं, आपण द्यावा.”

दादांनी झाकण उघडून शिक्का निरखला. “अरे वा, साबण! सत्तरीत तरी स्वच्छ राहा म्हणताय.”

सारे हसले. विहीणबाईही हसल्या. “काय हो दादा! सहा वर्षं खाताय की.”

“मी?”

हसणे थांबले. तेव्हा मी जे बोललो ते चौदा डब्यांहून वाईट होते. मी म्हणालो, “दादा, तुम्ही विसरलात. दर दिवाळीला आणून देतो की मी.”

दादांनी माझ्याकडे पाहिले. “असेल,” ते म्हणाले आणि झाकण लावले. एकदा तिरके लागले, म्हणून पुन्हा लावले.

पाने मांडली जात असताना त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावले. दार लोटून घेतले.

“नक्की दिला होतास ना रे मला?”

ते पलंगाच्या काठावर बसले.

“आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी खाल्लेलं विसरायची.” आमच्या आईने अखेरची चार वर्षे आम्हाला ओळखले नव्हते, तिचे सारे दादांनीच केले होते. त्यांनी माझे मनगट धरले. “तुझ्या वहिनीला इतक्यात सांगू नकोस.”

मी त्यांचा हात तसाच हातात धरून त्यांना बाहेर आणले. विहीणबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्या दोघांसमोर उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल असे बोललो:

“दादा, तुमची आठवण ठणठणीत आहे. तुम्ही हे कधी खाल्लेलंच नाही, कारण मी तुम्हाला ते कधी दिलंच नाही. विहीणबाई, लग्नातले चौदा डबे मी मार्केट यार्डात वाटून टाकले. नंतरचे सगळे मी एकट्यानं खाल्ले. तूप आहे असं तुम्ही सांगितलं होतंत, ते मला खरंच वाटलं होतं. तरी दिले नाहीत, कारण मला आपल्या लोकांत तुमच्या डब्याची लाज वाटली. आणि आत्ता, ती लाज झाकायला, मी दादांना त्यांच्याच डोक्याविषयी शंका घ्यायला लावली. माझं चुकलं. तुम्हा दोघांचाही मी अपराधी आहे. मला क्षमा करा.”