सात मेंढ्यांचे परतीचे तिकीट

"आन् बर्फ पडलंच न्हाई तर?"

मार्च २०२५ मधल्या एका दुपारी मांडवगण फराट्याच्या मळ्यात बानूबाई मदने यांनी हा प्रश्न विचारला. समोर घरचे लोक बसले होते. हे टिपण लिहिणाराही होता. प्रश्न त्यांच्या मुलाविषयी होता. रविराज ऑस्ट्रेलियाच्या डोंगराळ भागात, लोक बर्फावरून घसरायला येतात अशा एका गावी, हिवाळी हंगामापुरता कामाला चालला होता. उतारूंना वर नेणाऱ्या लोखंडी पाळण्यांपाशी उभे राहायचे, बसणाऱ्याला बसवायचे, उतरणाऱ्याला उतरवायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. नेमणुकीच्या पत्रात एक वाक्य होते: कामाचे तास बर्फाच्या उपलब्धतेवर अवलंबून राहतील. ते रविराजने मराठीत करून सांगितले आणि बानूबाईंनी नेमके तेवढेच पकडले.

त्यांना ते पकडता येणे स्वाभाविक होते. त्यांचे निम्मे आयुष्य अशाच अटीवर गेले होते. २००८ सालापर्यंत मदन्यांचे कुटुंब दर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. पाला असेल तिथे मुक्काम, नसेल तिथून चालते होणे. पुढे पाटाचे पाणी आले, बानूबाईंचे पती तात्याबा यांनी उसाची लावण केली, मेंढरे विकली. विकली, पण सात ठेवली.

या सातांची हकिगत सांगणे आवश्यक आहे. मदन्यांच्या घरात कळप कितीही मोठा असो, सात मेंढ्यांच्या डाव्या कानाला निळी खूण असायची. त्या लग्नाला विकायच्या नाहीत, दवाखान्याला विकायच्या नाहीत, बी-बियाण्याला तर नाहीच. परमुलखात कोणी अडकले आणि घरी आणायची वेळ आली, तरच त्यांना हात लावायचा. तशी वेळ एकदाच आली होती. कोकणात तात्याबांना ताप भरला, चालणे होईना. तेव्हा जागेवर सातही विकून ट्रकचे भाडे दिले होते. घरी आल्यावर बानूबाईंनी दोन वर्षांत सात पुन्हा उभ्या केल्या. आता कळप उरला नव्हता. परतीच्या सात तेवढ्या उरल्या होत्या.

रविराज एकोणतीस वर्षांचा. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन तो सात वर्षे कुरकुंभच्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात, युटिलिटी विभागात पाळ्या करत होता. कंप्रेसर, कुलिंग टॉवर, उणे पंधरा अंशांचे थंड द्रावण फिरवणारे पंप, हे त्याचे रोजचे सोबती. बर्फ जमेल इतकी थंडी रोज हाताखालून जात असताना बर्फ मात्र त्याने पाहिला नव्हता. ऑस्ट्रेलियात फिरता-फिरता काम करू देणाऱ्या व्हिसाला वयाची अट तिशीपर्यंतची, भारतासाठी वर्षाला हजार जागा, त्याही सोडतीने. ऑक्टोबरमध्ये त्याने गंमत म्हणून नाव टाकले आणि नाव निघाले.

गंमत तिथे संपली. इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, विमा, व्हिसाची फी आणि एकेरी तिकीट मिळून सव्वा लाखाच्या वर गेले. शिवाय पाच हजार डॉलर, म्हणजे पावणेतीन लाख रुपये, जवळ असल्याचा पुरावा दाखवायचा होता. सात वर्षांची शिल्लक बरोबर या दोन्हींच्या बेरजेएवढीच निघाली. कारखाना सहा महिन्यांची रजा देणार नव्हता, म्हणून राजीनामा द्यावा लागला.

"लोक नोकरी लागली की थंड हवेच्या ठिकाणी जात्यात," पाळीप्रमुख जयसिंग शेवटच्या दिवशी म्हणाला, "तू नोकरी सोडून चाललायस. पाळण्यात माणसं बसवायला! आरं, पाटसच्या जत्रंत लावलं असतं की तुला."

निघायचे कधी, यावर घरात एकच मत होते आणि ते तात्याबांचे. पत्रात लिहिले होते, पाच जूनला रुजू व्हा, राहण्याची खोली तीन जूनपासून मिळेल. तिकिटे काढून देणाऱ्याने एक जूनचे विमान सुचवले.

"जूनला जाऊन काय चोथा चघळायचा?" तात्याबा म्हणाले. "हंगामाच्या म्हैनाभर आधी जाऊन बसायचं. जो आधी पोचला त्येच्या मेंढरांस्नी पाला. मागनं येणाऱ्याला काट्या."

"आबा, तिथं पाला न्हाई. तिथं रोस्टर असतं."

"त्ये कोण लावतं? मानूस लावतं न्हवं? मग आधी त्येला तोंड दाखव."

रविराजला हे पटले. त्याच्या हाडातच ते होते. त्याने २७ एप्रिलचे तिकीट काढले. ही चूक पिढ्यान्‌पिढ्या एका जागी शेती करणाऱ्या घरातल्या मुलाने केली नसती.

निघताना ठरले ते असे. मेअखेरपर्यंत कामाच्या तासांची खात्री झाली नाही, तर हातातले डॉलर संपण्याआधी परत यायचे आणि तिकिटासाठी सात मेंढ्या विकायच्या. सात जूनला बकरी ईद होती. तिच्या आधीचा काष्टीच्या जनावरांच्या बाजाराचा शेवटचा शनिवार एकतीस मेचा. त्या बाजारात नगाला हजार-दीड हजार जास्त मिळतात, नंतर कोणी विचारत नाही. म्हणजे निर्णयाचा दिवस पंचांगाने आणि बाजाराने मिळून नेमून दिला होता.

विमानतळावर उतरल्यावर भरायच्या कार्डावर विचारले होते, गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा जनावरांत वावर झाला आहे काय? त्याने 'हो' वर खूण केली. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी तपासून परत मिळाली; बूट मात्र काढून घेतले गेले आणि तळवे ब्रशने घासून, औषधाने धुऊन आणून दिले. फोनवर हे ऐकून बानूबाईंना हसू आवरेना.

"म्हंजी माझ्या मेंढरांच्या लेंड्या इमानात बसून गेल्या म्हण की! मला कवा न्हेतुयास?"

पायथ्याच्या गावात वसतिगृहातली एक खाट रात्रीला पंचेचाळीस डॉलरांना होती. खोलीत आठ माणसे. कर-क्रमांक मिळाला, बँकेत खाते उघडले, दान केलेल्या कपड्यांच्या दुकानातून जाडे जाकीट आणि पाणी न शिरणारे हातमोजे घेतले. वर रिसॉर्टवर वाणसामान जवळजवळ दुपटीने महाग, म्हणून तांदूळ-डाळ खालून न्यावी, हे खानसाम्याचे काम करणाऱ्या एका नेपाळ्याने शिकवले. रविराजने तोवर दुसरे काम शोधून पाहिले. हॉटेलवाले, दुकानदार, स्की भाड्याने देणारे, सगळ्यांचे उत्तर एकच: बर्फ पडू दे, मग ये. तोंड दाखवायला ज्याच्याकडे जायचे, तो रोस्टर लावणारा अधिकारीच वीस मेपर्यंत सुटीवर होता. पाळण्यांच्या कामासाठी आधी पोचलेला रविराज एकटाच होता आणि कुरण उगवलेले नव्हते.

पाच हजारांचे बावीस मेला एकोणीसशे उरले. कर्मचाऱ्यांच्या खोलीची अनामत आणि दोन आठवड्यांचे आगाऊ भाडे मिळून सुमारे सातशे जाणार होते. त्यानंतर भाड्यापोटी दर आठवड्याला दोनशे तीस कापले जाणार, तास मिळोत वा न मिळोत. डोंगर तपकिरी होता.

त्याच दिवशी गणवेशाचे माप द्यायला तो बसने वर गेला. कचेरीमागे पत्र्याची लांब शेड होती. तिथून कंप्रेसरचा आवाज आला. तो चालू व्हायचा, भार घ्यायचा आणि चार-पाच मिनिटांत बंद पडायचा. सात वर्षे ज्याचा कान या आवाजावर पोसला, त्याला तिथून हलता येईना. दारात साठीचा, पांढऱ्या दाढीचा सुपरवायझर पॅनेलकडे पाहत उभा होता. रविराजने आपल्या कुरकुंभी इंग्रजीत सांगितले, "तापमान वाढल्यामुळे बंद पडतोय. ऑइल कूलर पाहिलात का?"

"तू कोण?"

"पाळण्यांवर लागणार आहे. जूनमध्ये."

कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात मेलेल्या पतंगांचा बोटभर थर निघाला. दोघांनी मिळून तो हवेच्या झोताने साफ केला. काम चालू असताना रविराजने बाहेर ओळीने उभ्या केलेल्या, पिंपाएवढ्या तोंडाच्या पंख्यांकडे पाहिले. प्रत्येकाला पाण्याची आणि हवेची नळी जोडलेली होती. हे कशासाठी, हे त्याला क्षणभरात उमगले.

"सकाळी वेट बल्ब किती होता?" त्याने विचारले.

तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की जे वाचन येते, त्याला वेट बल्ब म्हणतात. हवा कोरडी असेल तितके ते खाली जाते. कुलिंग टॉवर पाणी किती थंड करील, हे त्यावर ठरते. म्हणून कुरकुंभला रविराज दर दोन तासांनी ते लॉगशीटवर उतरवत असे. उडवलेल्या पाण्याचा बर्फ होईल की चिखल, हेही त्यावरच ठरते.

सुपरवायझरने हातातली नळी खाली ठेवली. "उणे एक," तो म्हणाला. "उणे अडीच लागतो. आणि लागला, तरी माझी दोन माणसं यंदा येत नाहीत." त्यांच्या जागी तुला घेता येईल का, हे कचेरीला विचारून शुक्रवारी, तीस तारखेला, सांगतो असे तो पुढे म्हणाला. काष्टीचा बाजार त्याच्या दुसऱ्या दिवशी होता.

रविराजने घरी हे सगळे सांगितले. बानूबाईंनी दोनदा विचारून घेतले.

"म्हंजी बर्फ पडलं न्हाई तर ही माणसं त्ये पाडत्यात?"

"व्हय. पाणी डोंगरावर चढवायचं आन् बारीक फवारून गोठवायचं."

"मग आपल्या तुषारसिंचनावानीच की. पाऊस न्हाई म्हणून मोटर लावायची. पर मोटर लावायला तुला घेत्याल का, त्ये सांग."

"शुक्रवारी कळंल," रविराज म्हणाला.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला तो कचेरीच्या बाकावर बसला होता. त्याच्याआधी एक मुलगी आत गेली होती. मांडवगणात तेव्हा अकरा वाजले होते. फोन वाजला.

"गेणबा पिकअप घिऊन दारात उभा हाय," बानूबाई म्हणाल्या. गेणबा म्हणजे गावातून बाजारासाठी जनावरे गोळा करणारा दलाल. "जाग्यावर साडेनऊ हजार देतुय नगाला. आबा म्हणत्यात दिऊन टाक, उद्या भाव फिरला तर काय. मी काय सांगू?"

"आये, अर्धा तास थांबव त्येला."

"कसं थांबवू? त्येच्या गाडीत वीस बोकडं वरडत्यात."

"च्या दे."

"दोनदा झाला."

मागून गेणबाचा आवाज आला, "वहिनी, पोराला म्हणावं, शिरूरास्नं बर्फाच्या चार लाद्या धाडू का? उसाच्या रसवाल्याची वळख हाय माझी!"

"तू गप रं," बानूबाई म्हणाल्या. फोन त्यांनी ठेवला नाही.

आतून रविराजचे नाव पुकारले गेले. फोन तसाच खिशात टाकून तो गेला. कागद दोन पानांचा होता: बर्फनिर्मिती विभाग, एक जूनपासून, हंगाम संपेपर्यंत, आठवड्याला किमान अडतीस तासांची हमी, तासाला तीस डॉलरांच्या आसपास. खोली उद्यापासून. त्याने सही केली, बाहेर आला आणि फोन कानाला लावला.

"आये, मेंढ्या गाडीत घालू नको."

"आबांनी एक चढिवली."

"तिला उतरव."

फळी आपटल्याचा आवाज, गेणबाची कुरकुर, मेंढीचे ओरडणे हे सगळे त्याला तिथे बाकाशेजारी उभ्या-उभ्या ऐकू आले. मग तात्याबांनी फोन घेतला.

"लागलं का काम?"

"लागलं, आबा."

"म्हनलं व्हतं न्हवं? आधी जाऊन बसायचं."

त्या पाच आठवड्यांत तीन हजारांहून जास्त डॉलर गेले होते, हे रविराज बोलला नाही. जूनमध्ये गेला असता तर त्या शेडचे दार त्याला दिसले नसते, हेही खरे होते. "व्हय, आबा," एवढेच तो म्हणाला.

दोन जूनच्या पहाटे वेट बल्ब उणे तीनवर आला. पाच तारखेला पाळण्यांवरची मुले रुजू झाली. नैसर्गिक बर्फ पुरता पडेपर्यंत त्यांना आठवड्याला दहा-बारा तास मिळाले. रविराजला अडतीसच्या खाली कधी मिळाले नाहीत. हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपला. खर्च वजा जाता त्याच्याजवळ नेलेले पाच हजार डॉलर आणि वर सव्वातीन लाख रुपये राहिले. परत आल्यावर जानेवारीत तो कुरकुंभच्या दुसऱ्या एका कारखान्यात युटिलिटी विभागातच लागला.

शनिवार, १४ मार्च २०२६ रोजी मदन्यांच्या मळ्यात अकरा मेंढ्या होत्या. त्यांपैकी सातांच्या डाव्या कानाला निळी खूण होती.