महादूची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चहात चोरून घालत असलेली साखरसुद्धा ठाऊक होती. सांगायचं म्हणून बसायचो आणि भलतंच काहीतरी बोलून उठायचो. आज लिहायला घेतलंय. बघू, किती जमतं ते.

मी इतिहासाची पुस्तकं लिहायचो. एकोणीसशे चाळीसच्या पुढची ती वर्षं. मी वाईला शाळामास्तर होतो, आणि साताऱ्याच्या एका छापखानेवाल्यांनी सामान्य वाचकांसाठी जगाच्या इतिहासावर छोटी छोटी पुस्तकं काढायचं मनावर घेतलं होतं. इंग्लंडचे राजे, रोमचे बादशहा, असले विषय. मी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. पण आरमारी लढाया अशा रंगवायचो, की वाचणाऱ्याला बोट लागावी! इकडे साऱ्या जिल्ह्यात ‘चले जाव’ची धामधूम चाललेली आणि मी आपला सहा बायकांच्या राजाचं चौथं लग्न लावण्यात गुंग. लोक चेष्टा करायचे. पण वाचायचेही.

माझी सामग्री म्हणजे पाचगणीच्या शाळांतून रद्दीत निघालेली इंग्रजी पुस्तकं. काय पुस्तकं होती ती! शंभर वर्षांपूर्वी मेलेला प्रधान त्यांत खोकला, तर आपल्याला ऐकू यावं. विद्वत्तेचं ओझं नाही, तळटिपांचं रान नाही. लिहिणारा जणू शेजारी बसून सांगतोय. असं मराठीत कुणीतरी करायला हवं, असं मला मनापासून वाटायचं, आणि तो कुणीतरी मीच, असंही वाटायचं. त्या पुस्तकांवर माझा जीव होता. आजही आहे. गुन्हा त्यांचा नव्हे.

शिदू हवालदार मला भेटला तो वाचनालयात. हुद्द्याने तो साधा शिपाईच, पण त्याचं गाव त्याला हवालदार म्हणायचं. कृष्णेच्या काठाने तासभर चाललं की ते गाव लागायचं. गावची पोरं नव्या लढाईवर गेलेली. म्हणून बाजाराच्या दिवशी हा यायचा आणि माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा. अक्षरओळख नाही, पण एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. पहिल्या महायुद्धात तो इराकात, बसऱ्याकडे होता. मी त्याच युद्धावर पुस्तक लिहितोय हे कळल्यावर तो बोलायला लागला. आणि काय बोलायचा! पायातला बूट ओढून घेणारा तिथला चिखल, बंदुकीच्या दस्त्याने फोडावी लागणारी बिस्किटं, दुपारी भाजणारी आणि पहाटे दात वाजवणारी हवा. माझ्या इंग्रजी पुस्तकांत युद्ध होतं, पण त्या युद्धाला वास नव्हता. तो शिदूने दिला. माझ्या पुस्तकातल्या ज्या पानांना लोकांनी वाहवा दिली, ती सगळी त्याची. प्रस्तावनेत मी कुणाकुणाचे आभार मानले होते, विचारता? विचारू नका.

एक गोष्ट मात्र त्याने मागितली. त्याच्या गावचा, त्याच्याच वयाचा महादू — महादू बिन रावजी — त्याच्याबरोबर पलटणीत होता. तिथल्या मोठ्या नदीवर होड्यांचा पूल बांधायचा होता, आणि त्यासाठी पहिला दोर कुणीतरी पोहत पलीकडे न्यायचा होता. समोरून गोळ्या येत होत्या. महादू लहानपणापासून कृष्णेच्या पुरात उड्या टाकणारा. त्याने दोर दातांत धरला आणि उतरला. दोराचं अलीकडचं टोक शिदूच्या हातात होतं. ‘दोर हातातनं सुटत हुता मास्तर, सुटत हुता. मंग थांबला. मंग तानला. तवा कळलं, पोचला म्हनून.’ त्यानंतर महादू कुणाला दिसला नाही.

‘त्येचं नाव घाला बुकात,’ शिदू म्हणाला. ‘म्हातारी हाय अजून त्येची.’

मी हो म्हणालो. घातलंही. ती पानं लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे खरं आहे. मग हस्तलिखित पाठवायच्या आदल्या दिवशी मी ते नाव काढलं. का? कागदाची टंचाई होती, पानं कमी करायची होती — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. एका ओळीने किती कागद वाचतो? खरं कारण वेगळं होतं. माझ्या इंग्रजी पुस्तकात तो पूल होता, साहेबांची नावं होती, एका साहेबाच्या कुत्र्याचंही नाव होतं, महादू नव्हता. उद्या पुण्याच्या एखाद्या पंडिताने विचारलं, याला आधार काय, तर मी काय सांगणार होतो? की एक अडाणी शिपाई बाजाराच्या दिवशी येतो, तो म्हणाला? मला हसतील, या भीतीने मी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘दोर पलीकडे पोचवण्यात आला.’ कुत्र्याचं नाव ठेवलं. वाचकांना गंमत वाटते.

पण हाही तो कबुलीजबाब नव्हे. अजून मी काठावरच आहे.

पुस्तक छापून आलं. शिदू नवा फेटा बांधून आला. समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, वाचा. मी पान उघडलं — आणि मी वाचलं. नसलेलं वाचलं. ‘कृष्णेच्या पाण्यात वाढलेला महादू बिन रावजी दोर दातांत धरून उतरला, आणि दोर ताणला गेला तेव्हा पलटणीला कळलं की तो पोचला.’ माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. तो म्हणाला, पुन्यांदा. मी पुन्हा तेच वाचलं. मग त्याने विचारलं, कंची ओळ? मी त्या ‘पोचवण्यात आला’वर बोट ठेवलं. त्याने तिथे अंगठ्याच्या नखाने खूण दाबली आणि पुस्तक फेट्याच्या शेमल्यात गुंडाळून नेलं.

त्यांच्याकडे पूर्वजांचे टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा, देव्हाऱ्यात असतात. महादूचा टाक नव्हता. त्याचं प्रेत कुणी पाहिलेलं नाही. तो येईल, या आशेवर म्हातारीने टाक करू दिला नव्हता. पुस्तक आलं तेव्हा तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं. छापून आलं म्हणजे झालं, आता तो गेला, असं ती म्हणाली म्हणे. आणि त्या भाद्रपदात तिने पहिल्यांदा त्याच्या नावाने पान वाढलं. पंचवीस-तीस वर्षं पोराची वाट बघणाऱ्या बाईने माझ्या शब्दावर वाट बघणं सोडलं. हे शिदूने मला मोठ्या आनंदाने सांगितलं. मी काय केलं? मी म्हणालो, छान झालं.

आता येतो तिथे.

लढाई संपत आली त्या सुमारास गावोगाव प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. शिदूच्या गावचा वर्ग माझ्याकडे आला. दिवेलागणीला देवळाच्या सभामंडपात भरायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढे पाटी घेऊन शिदू. पन्नाशी गाठलेला. ‘महादूचं नाव माज्या डोळ्यांनी वाचायचं हाय,’ म्हणाला. ‘तवर मरायचं न्हाई.’

मी त्याच्या पाटीवर क काढून दिला.

मी त्याला शिकवलं नाही. हे ते. हेच ते, जे कुणाला सांगितलं नाही. बाकीचे बाराखडीवर गेले, शब्दांवर गेले, जोडाक्षरांवर गेले. त्याला मी मुळाक्षरांवर धरून ठेवला. ‘हवालदार, अजून अक्षर वळत नाही हो तुमचं.’ त्याचं अक्षर चांगलं वळत होतं. वर्गात सगळ्यांत चांगलं! मी म्हणायचो, क पुन्हा काढा. तो पाटीभर क काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. पलटणीतला माणूस, वरच्याने सांगितलं ते चुकीचं असेल असं त्याच्या मनातही येत नसे. लोक हसायला लागले. एक सबंध हिवाळा असा गेला. शेवटी एकदा तो पाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘आवं मास्तर, माज्या डोस्क्यातच न्हाई ते. तुमी लय खपला माज्यापायी.’ आणि पाया पडून गेला.

एकदा ऐकलेलं न विसरणारा माणूस. त्याला मी पटवून दिलं की तो मठ्ठ आहे. आणि तो गेल्यावर मला काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं.

दोन वर्षांनी भाद्रपदात त्याचा निरोप आला — महादूचं पान आहे, जेवायला या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेलो. अंगणात गाव जमलेलं. म्हातारीला आता दिसेनासं झालेलं, ती भिंतीला टेकून बसली होती. कावळा शिवेपर्यंत मास्तरांनी ओळ वाचून दाखवावी, असं कुणीतरी म्हणालं. मी हात पुढे केला. तेवढ्यात शिदूने देव्हाऱ्यातून पुस्तक काढलं आणि म्हणाला, ‘आज मी वाचतो.’

त्याच्या चौथी शिकलेल्या सुनेने त्याला शिकवलं होतं. लढाईवरच्या पोरांची जुनी कार्डं वाचून वाचून त्याने हात बसवला होता. मला हे तिथेच, लोकांच्या बोलण्यातून कळलं.

तो वाचायला लागला. अक्षरा-अक्षराला बोट ठेवून, आधी ओठात, मग मोठ्याने. चिखल वाचला, बिस्किटं वाचली. मी न शिकवलेली जोडाक्षरं वाचली. अंगणात कुणी हलत नव्हतं. मग बोट नखाच्या खुणेवर आलं. ‘दोर,’ तो म्हणाला. आणि थांबला.

किती वेळ थांबला? शिकाऊ माणसाला एक ओळ लागायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. त्याने वर पाहिलं नाही. बोट तसंच सरकवत, तसाच अडखळत, तो म्हणाला, ‘कृष्णेच्या... पाण्यात... वाढलेला... महादू बिन रावजी...’ माझं वाक्य. अख्खं. एक शब्द इकडेतिकडे नाही. पुस्तक मिटून त्याने म्हातारीच्या हातात दिलं. तिने ते कपाळाला लावलं.

ती ओळ त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, की आधीच घरी वाचून ठेवली होती? आधीच पाहिली असेल, तर मला जेवायला का बोलावलं? आणि पहिल्यांदा पाहिली असेल, तर तेवढ्या वेळात एवढं मोठं मन माणूस कुठून आणतो? मी इतक्या राजांवर, सेनापतींवर लिहिलं. त्याच्या तोलाचा एकही मला त्या सगळ्या पुस्तकांत सापडला नाही. हे मी भारावून म्हणत नाही, शोधून म्हणतोय.

जेवण झाल्यावर तो मला ओढ्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत उसाबद्दल बोलला. ओढ्याशी थांबून म्हणाला, ‘तुमी वाचलंवतं, तसंच वाचलं न्हवं, मास्तर?’

मी म्हणालो, ‘तसंच.’

‘मंग झालं,’ म्हणाला, आणि वळला.

तो आता नाही. म्हातारी त्याच्याआधीच गेली. दोघंही असताना, त्यानंतरच्याच वर्षी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. दुरुस्त्या असल्या तर कळवा, असं छापखान्याने पत्र पाठवलं होतं. मी बसून सगळं पुस्तक तपासलं, एका राजाच्या राज्यारोहणाचं साल दुरुस्त केलं, त्या पानावर आलो, पेन हातात धरून बराच वेळ बसलो. नाव घातलं असतं, तर पहिल्या आवृत्तीत ते नव्हतं हे ताडून पाहिल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

दुसऱ्या आवृत्तीतही ती ओळ तशीच आहे.