नारळ आणि ओळ बारा

आमच्या महापेच्या ऑफिसात खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते. बंद मशीनची पूजा देवाला पोचत नाही, असं साताऱ्याच्या आमच्या सरांचं ठाम मत. म्हणून सगळी मशिनं चालू, कीबोर्डांवर हळदकुंकू, आणि सरांच्या स्वतःच्या कीबोर्डवर शेंडीसकट नारळ.

आरती झाली, पेढे झाले आणि बिल्ड फुटली. बिल्ड म्हणजे सगळ्यांचा कोड जुळवून चालता प्रोग्राम बनवणं. ते काम करणारं टूल आमचं घरचंच. प्रोजेक्टची फाइल बिघडली, की ते एवढंच बोलायचं: ‘फाइल अवैध.’ कुठली, कुठे, कशी, काही नाही. टूल अशी तक्रार फेकतं, तिला आम्ही एक्सेप्शन म्हणतो. फाइलचं नाव, ओळ, नको असलेला मजकूर, सगळं सांगणारं नवं एक्सेप्शन मी लिहून ठेवलं होतं. पण सर ते टूलमध्ये घालू देईनात.

“आरं, फाइल चुकली म्हंजी चुकली. तिचा पंचनामा कशाला?”

माझं डोकं फिरायचं.

त्यात सरांचा नियम असा, की बिल्ड फोडेल त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन सगळी तपासणी करायची. टूलला सारखा हात लावणारा मीच, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घाबरलो, कारण दसऱ्याच्या मुहूर्तावर बायकोची पहिली स्कूटर आणायची होती. फोन केला तर ती म्हणाली, “नवमीला काय फोडायचं ते फोड. उद्या गाडी मी चालवणार आणि मागे तू बसणार. बस्स.”

मग मी कुणाला न विचारता माझं एक्सेप्शन टूलमध्ये घातलं आणि बिल्ड पुन्हा चालवली. पडद्यावर उमटलं ते मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, “सरांच्या मशीनवरची प्रोजेक्ट फाइल. ओळ बारा. इथे ggggghhhhh अपेक्षित नाही.”

सगळे सरांच्या टेबलापाशी गेलो. फाइल उघडीच होती, आपोआप सेव्ह होत होती, आणि नारळाच्या बुडाखाली g आणि h दाबलेले. आम्ही बघेपर्यंत ओळ बारा आणखी लांबली. सरांनी गुपचूप नारळ उचलला. मला इतका आनंद झाला की मी उरलेले पेढे एकट्याने संपवले.

दसऱ्याला खांदेश्वरच्या सिग्नलला बायको स्कूटरवर ताठ बसलेली, मी मागे. सरांचा ऑफिसातून फोन आला. “आरं, तपासनी परत अडलीया. लई मोठं कायतरी लिवून आलंय. काय करू?”

“कोण आहे?” बायकोने मान न वळवता विचारलं.

“सर. एक्सेप्शन आलंय म्हणतात.”

“मग वाचा म्हणावं,” ती म्हणाली आणि तिने गाडी सोडली.