दादांचा नोव्हेंबर

नोव्हेंबर उजाडला की आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, जिंतूरच्या बँकेची घाई लागायची. पेन्शनवाल्यांनी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं तिथं दाखवायचं असतं. दादा रिटायर मास्तर. आदल्या दिवशी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि सकाळी स्कूटीवर माझ्यामागं ताठ बसायचे. मुलगी बघायला निघालात की काय, असं मी चिडवायची.

लग्न होऊन गेले ती वर्षाच्या आत मी माहेरी परतले होते. दादांनी रडत बसू दिलं नाही, डीएडला घातलं. नवऱ्याच्या जिवावर कशाला, स्वतःच्या पेन्शनीवर म्हातारी हो, म्हणायचे. मी झेडपीच्या शाळेवर लागले आणि कळलं, ती पेन्शन नव्या लोकांना बंद झाली. आता पगारातून कापून शेअर बाजारात टाकतात, निघेल ते आपलं नशीब. जन्मभर पोरं शिकवायची आणि म्हातारपणी नशीब, वा रे वा! संपात मीही गेले, घोषणा दिल्या. घसा बसला, तेवढंच.

दादांनी मात्र ते लय मनाला लावून घेतलं. मीच तुला या नोकरीत ढकललं, म्हणायचे. त्यांनी तंबाखू सोडली, चहातली साखर सोडली. ऐंशी ओलांडल्यावर पहाटे फिरायला लागले. म्हटलं, या वयात कशाला जीव मारता, खा की एखादी जिलेबी. ते हसले नाहीत.

"तू रिटायर होईस्तोवर मला जगावं लागतंय, माय. मग माझ्या पेन्शनीत दोघांचं भागंल."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

गेल्या उन्हाळ्यात दादा गेले. माझी नोकरी अजून बाकी आहे.

या नोव्हेंबरात शाळेतून येताना स्कूटी बँकेपाशी आपसूक थांबली. ओट्यावर दादांचे सोबती नंबर लावून बसले होते. माझे पांढरे केस बघून त्यांना वाटलं, मीही रिटायर झाले. एकानं सरकून जागा केली.

"ये बाई, बस. माझ्यामागं तुझा नंबर."

मी बसले. एकेकाला आत बोलावत होते, आणि जिवंत असल्याचं सांगून म्हातारे हसत बाहेर येत होते. माझी पाळी आली तशी मी उठले आणि स्कूटीकडं निघाले. मी जिवंत आहे हे ज्याला दाखवावं असं आता कुणीच नव्हतं, ना बँकेत, ना घरी.