व्याह्यांचं दुसरं उत्तर

अख्ख्या मराठवाड्यात समोरच्या माणसाला नुसत्या नजरेनं दहावी नापास करू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझाच व्याही निघाला. लोक व्याह्याला मानपानापायी भितात, मी गणितापायी भितो. देवणीकडच्या एका शाळेत त्यांनी हयातभर बीजगणित शिकवलं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण सवय गेली नाही. कंडक्टर, न्हावी, दूध घालणारी बाई, कुणीही तावडीत सापडलं की शर्टाच्या खिशातून खडू बाहेर निघालाच. एकदा लातूरच्या स्टँडवर त्यांनी उभ्या बसच्या मागच्या पत्र्यावर समीकरण मांडलं. ते पुरं व्हायच्या आत बस निघाली. हे आपले धोतर सावरत मागे धावतायत आणि ओरडतायत, "अरे थांबा, दुसरं उत्तर राहिलं!"

दुसरं उत्तर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एक सरळ रेघ आणि एक वर्गाची वाकडी रेघ कागदावर काढली, की त्या बऱ्याचदा दोन जागी भेटतात, म्हणून उत्तरंही दोन. पण जग एकावरच समाधान मानून उठतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. मला हे कळलं ते मुलीच्या लग्नाच्या याद्या करायला त्यांच्या घरी बसलो त्या दिवशी. हळदकुंकू लावलेल्या यादीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, वाय बरोबर एक्सचा वर्ग. त्याखाली, वाय बरोबर तीन एक्स. आणि कागद माझ्याकडे सरकवला. "पाहुणे, करा बरं."

मी दहावीला गणितात दोनदा आपटलेला माणूस. ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मुलीचा बाप ढ आहे म्हणून सोयरीक मोडली तर? मी म्हणालो, "चष्मा नांदेडलाच राहिला बघा." चष्मा माझ्या कपाळावर होता. बायकोनं डोळे मिटून घेतले.

शेवटी माझा मेव्हणा मदतीला धावला. त्यानं दोन्हीकडचा एकेक एक्स खोडला आणि ऐटीत सांगितलं, "एक्स तीन, वाय नऊ. झालं." व्याह्यांचा चेहरा असा पडला, की चहा घेऊन आलेली बाई दारातच थबकली. "एक्सनं भागलं? अहो, शून्य मेलं की वो!" मग त्यांनी सगळं एका बाजूला घेतलं, एक्स सामाईक काढला आणि कंसात एक्स उणे तीन ठेवलं. दोघांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोघांतला एक तरी शून्य. एक्स तीन असेल तर वाय नऊ. आणि एक्स शून्य असेल तर वायही शून्य. "शून्यालाबी जीव हाय, पाहुणे," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

लग्न पार पडलं, भीती मात्र तशीच राहिली. ते नांदेडला येणार म्हटलं की मी विष्णुपुरीचं धरण बघायला जायचो. चार वर्षांत ते धरण मी इतक्यांदा पाहिलं, की तिथला चहावाला मला पाटबंधारे खात्यातला समजायला लागला. शेवटी लेकीला फोनवर शरण गेलो. "बाबा, किती घाबरून राहिलात तुम्ही!" म्हणत तिनं ते एकच गणित माझ्याकडून आरतीसारखं पाठ करून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात जावयाचा फोन आला. दाढी करता करता व्याह्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला, लातूरला दवाखान्यात नेलंय. नांदेडहून लातूरपर्यंत मी खिडकीचा गज धरून बसलो होतो. दवाखान्यात पोचलो तर त्यांनी मला ओळखलं, सगळ्यांना ओळखलं. पण जावई मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, नावं सांगतात, पण डोकं शाबूत हाय का न्हाई कसं कळावं? गणित विचारलं की कळंल. माझी हिंमत होत न्हाई. तुम्ही विचारा."

मी! खाटेशी वाकून ते पाठ केलेलं गणित मी कसंबसं म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत राहिले, बराच वेळ. मग शब्द आले, "तीन... नऊ."

मी थांबलो. सलाईन टपकत होतं. पुढं काही येईना. ज्या माणसानं जन्मभर कुणाला ते दुसरं उत्तर विसरू दिलं नाही, तोच विसरला होता. मी म्हणालो, "बरोबर." आणि बाहेर येऊन जावयाला सांगितलं, "दोन्ही सांगितली." तो बाकावर बसून पोरासारखा रडला. मला त्याच्याकडे बघवेना.

तीन महिन्यांनी व्याही काठी टेकत, न कळवता, नांदेडला दारात उभे राहिले. चहा झाला. मग ते हळूहळू, शब्द जुळवत म्हणाले, "पाहुणे, त्या दिवशी मी एकच सांगितलं होतं. मागाहून ध्यानात आलं. तुम्ही बरोबर कसं म्हणालात?"

मी वर पाहिलं. ती नजर आज मलाच भीत होती. दुसरं उत्तर मला माहीत होतं असं म्हणालो, तर मी त्यांना चुकताना पाहिलं आणि कीव केली, हे त्यांना कळणार. चार वर्षं ज्याच्यापासून पळालो ते मग मीच तोंडानं बोललो. "खरं सांगू का? मी दहावीला गणितात दोनदा नापास झालेला माणूस. मला कुठलं कळतंय दुसरं उत्तर?"

आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. व्याह्यांनी काठी बाजूला ठेवली. मग वाकड्या ओठांनी हसले. "हात्तिच्या! मला वाटलं, कीव केली माझी. आणा कागद."

आता ते डाव्या हातानं लिहितात. एकेक अक्षर काढायला वेळ लागत होता. कागद सरकायचा, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो, आणि ते विचारतील तिथं तिथं चुकत गेलो.